गोदावरीकाठचा धम्म आणि चिनी ग्रंथांची साक्ष

पालि भाषेच्या अभ्यासवर्गांनिमित्त नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतील विहारांत आमचे वरचेवर जाणे होते. लातूरच्या अशाच एका वर्गात मज्झिम निकायातील अस्सलायन सुत्ताचे विवेचन चालू असताना महाविद्यालयात शिकणारा एक तरुण उभा राहिला. त्याने विचारले, "सर, जातिभेदाचे इतके स्पष्ट खंडन खरोखर बुद्धांच्या काळचे आहे, की बाबासाहेबांनी सांगितले म्हणून आपण ते तसे वाचतो? बाहेर आम्हांला नेहमी हेच ऐकवले जाते." वर्गात क्षणभर शांतता पसरली. प्रश्न उद्धटपणाचा नव्हता, जिज्ञासेचा होता. त्याला आमच्याकडून पालि व्याकरणावर आधारलेल्या उत्तराची अपेक्षा असावी. आम्ही मात्र म्हणालो, "या प्रश्नाचे एक उत्तर चीनमध्ये जपून ठेवलेले आहे." वर्गातील काही उपासक हसले. चीन आणि लातूर यांचा संबंध काय, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर होता. तो संबंध काय आहे आणि तो आपल्यापैकी कोणीतरी अभ्यासण्याची गरज का आहे, हे प्रस्तुत लेखात मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

ग्रंथ येथून गेले, तेथे राहिले

भारतात बौद्ध वाङ्मयाची जी हानी झाली तिची कल्पना सामान्य वाचकाला सहसा नसते. बाराव्या शतकाच्या अखेरीस पूर्व भारतातील महाविहार उद्ध्वस्त झाले. त्याही आधी देशाच्या अनेक भागांत राजाश्रय आणि लोकाश्रय आटत गेला होता आणि पोथ्यांच्या नकला करणारे हात कमी झाले होते. ताडपत्र शे-दोनशे वर्षांनी पुन्हा उतरवून काढले नाही, तर ते नष्ट होणारच. पालि तिपिटक सिंहल, ब्रह्मदेश आणि सयाम येथील भिक्खुसंघाने जतन केले, हे आपण जाणतो. परंतु सर्वास्तिवाद, धर्मगुप्तक इत्यादी निकायांचे जे प्रचंड वाङ्मय होते, त्याचा मोठा भाग आज केवळ चिनी आणि तिबेटी भाषांतरांच्या रूपाने शिल्लक आहे.

एकच उदाहरण देतो. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'दि बुद्ध अँड हिज धम्म' या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत अश्वघोषाच्या 'बुद्धचरिता'चे ऋण मान्य केले आहे. या महाकाव्याचे मूळ २८ सर्ग. त्यांपैकी संस्कृतात सुमारे निम्मेच सर्ग आज मिळतात. बोधिप्राप्तीच्या प्रसंगापाशी मूळ पोथी तुटते. धम्मचक्रप्रवर्तनापासून महापरिनिर्वाणापर्यंतचा पुढचा सर्व भाग चिनी आणि तिबेटी भाषांतरांनी वाचवला. चिनी भाषांतर पाचव्या शतकातील आहे. म्हणजे ज्या देशात हे काव्य जन्माला आले तेथे ते अर्धे विसरले गेले आणि ज्यांची भाषा, लिपी आणि हवामान सर्वस्वी निराळे होते त्यांनी ते पूर्ण सांभाळले. ही वस्तुस्थिती एकदा ध्यानात घेतली, की चिनी भाषा ही आपल्या इतिहासाची एक किल्ली आहे, असे आम्ही का म्हणतो ते वाचकांच्या लक्षात येईल.

गोदावरी ते फर्ग्युसन

ही किल्ली हाती घेणारे पहिले मराठी अभ्यासक पालिच्या वाटेनेच चीनकडे वळले, आणि त्यांच्या वाटेचा आरंभ आपल्या गोदावरीपाशी आहे. खुद्दक निकायातील सुत्तनिपात हा अतिप्राचीन मानला जाणारा ग्रंथ. त्याच्या शेवटच्या पारायणवग्गाच्या प्रास्ताविक गाथांत बावरी नावाच्या वृद्ध ब्राह्मणाची कथा येते. हा बावरी अस्सक जनपदाच्या परिसरात, गोदावरीच्या तीरावर राहत होता. त्याने आपल्या १६ शिष्यांना तथागतांकडे प्रश्न घेऊन पाठवले. त्यांच्या प्रवासमार्गातील पतिट्ठान म्हणजे आजचे पैठण. अस्सकांची राजधानी पोतन ही नांदेड जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, आजच्या तेलंगणात असलेल्या बोधन येथे होती, असे अनेक विद्वानांचे मत आहे. मराठवाड्याच्या भूमीचा तथागतांशी जोडलेला हा सर्वांत जुना वाङ्मयीन दुवा होय.

या सुत्तनिपाताची देवनागरी आवृत्ती १९२४ मध्ये पुण्याहून प्रसिद्ध झाली. तिचे संपादक डॉ. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट (१८९४–१९९१). गोव्यातील साखवाळ गावातून बुद्धाच्या शोधात निघून नेपाळ, सिंहल आणि ब्रह्मदेश पालथे घातलेले धर्मानंद कोसंबी १९१२ ते १९१८ या काळात फर्ग्युसन महाविद्यालयात पालि शिकवत होते. त्यांच्या अध्यापनातून महाराष्ट्रात पालि अभ्यासकांची जी पिढी घडली, तीत बापट अग्रणी ठरले. त्यांनी पुढे हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. १९५६ मध्ये बुद्धजयंतीच्या अडीच हजाराव्या वर्षानिमित्त भारत सरकारने प्रसिद्ध केलेल्या '२५०० इयर्स ऑफ बुद्धिझम' या ग्रंथाचे संपादक म्हणून त्यांचे नाव आपल्या वाचकांना परिचित असेल. परंतु त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली आणि आयुष्यातील अनेक दशके चिनी पोथ्यांना दिली, हे फारसे कोणी सांगत नाही.

पालिचा पंडित चिनीकडे का वळला? याचे उत्तर त्यांच्या १९३७ सालच्या ग्रंथात सापडते. बुद्धघोषाचार्यांचा 'विसुद्धिमग्ग' हा थेरवादाचा आधारग्रंथ. त्यात बुद्धघोष काही ठिकाणी 'कित्येक जण असे म्हणतात' एवढाच मोघम उल्लेख करून एखादे मत खोडून काढतात. हे कित्येक जण कोण? टीकाकार धम्मपाल एके ठिकाणी सांगतात, की हा रोख उपतिस्स थेरांच्या 'विमुत्तिमग्ग' या ग्रंथावर आहे. पण तो ग्रंथ पालित उपलब्ध नव्हता. तो होता चिनी भाषेत. फुनान देशातून, म्हणजे आजच्या कंबोडियाच्या परिसरातून, चीनमध्ये गेलेल्या संघपाल नावाच्या भिक्षूने सहाव्या शतकाच्या आरंभी त्याचे भाषांतर केले होते. बापटांनी ते चिनी भाषांतर आणि विसुद्धिमग्ग शेजारी ठेवून प्रकरणशः तुलना केली. शील, समाधी, प्रज्ञा हीच दोहोंची चौकट. मात्र माणसांच्या स्वभावांचे, म्हणजे चरितांचे, प्रकार उपतिस्स १४ मानतात तर बुद्धघोष सहा, असे अनेक बारकावे त्यातून समोर आले. ज्या वादातील एकच बाजू आपल्याला ऐकू येत होती, त्याची दुसरी बाजू चिनी भाषेने ऐकवली.

त्यानंतर बापट पुन्हा सुत्तनिपाताकडे वळले. त्यातील अट्ठकवग्गाशी जुळणारा एक ग्रंथ तिसऱ्या शतकात चिह-चिएन या उपासकाने चिनीत नेला होता. 'अर्थपदसूत्र' या नावाने बापटांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि ते १९५१ मध्ये शांतिनिकेतनच्या विश्वभारतीतर्फे प्रसिद्ध झाले. पालि अट्ठकवग्गात १६ सुत्ते आहेत आणि चिनी ग्रंथातही १६ सूत्रे आहेत. फरक असा, की पालित केवळ गाथा आहेत आणि त्यांच्या निमित्तकथा अट्ठकथांतून शोधाव्या लागतात, तर चिनी ग्रंथात गाथेआधी कथाही मूळ मजकुरातच दिलेली आहे. १९७० मध्ये, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, जपानी विद्वान हिराकावा यांच्या सहकार्याने बापटांनी विनयाच्या 'समन्तपासादिका' या अट्ठकथेच्या चिनी अवताराचे भाषांतर भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातर्फे प्रकाशित केले. संघभद्राने पाचव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध केलेल्या या चिनी ग्रंथाशी एक विलक्षण परंपरा निगडित आहे. दर वर्षावासाच्या अखेरीस विनयाच्या पोथीवर एक ठिपका द्यायचा, अशी ती चाल होती. इ. स. ४८९ मध्ये ते ठिपके ९७५ भरले, असे चिनी नोंद सांगते. त्यावरून हिशेब केला तर महापरिनिर्वाणाचे वर्ष इ. स. पू. ४८६ येते. ही तारीख सर्वमान्य नाही. तथापि बुद्धाच्या कालनिर्णयाच्या प्रत्येक चर्चेत तिचा विचार करावाच लागतो.

बापटांचे फर्ग्युसनमधील सहकारी प्रा. वासुदेव विश्वनाथ गोखले यांनी जर्मनीत राहून तिबेटी आणि चिनी भाषांचा अभ्यास केला. आर्यदेवाच्या नावावर असलेल्या 'अक्षरशतक' या छोट्या माध्यमिक ग्रंथाचे त्यांनी चिनी आणि तिबेटी साधनांवरून केलेले संपादन १९३० मध्ये हायडेलबर्ग येथे छापले गेले. पुण्यातील या विद्वानांना धम्मदीक्षा घ्यायची नव्हती. पण ज्ञानाच्या बाबतीत त्यांनी कष्टात कसूर केली नाही, हे ऋण आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

एक पाहुणा महाराष्ट्रात येतो

मराठी माणूस चिनी पोथीकडे गेला त्याच्या तेराशे वर्षे आधी एक चिनी भिक्षू महाराष्ट्रात आला होता. ह्युएन त्संग (सुमारे ६०२–६६४) हा सम्राटाची अनुज्ञा नसताना चीनची सीमा ओलांडून भारतात आला, तो मूळ ग्रंथांच्या शोधात. आपल्या भाषेतील भाषांतरे परस्परांशी जुळत नाहीत, तेव्हा मूळ ग्रंथच पाहिले पाहिजेत, एवढीच त्याची तळमळ होती. इ. स. ६४१ च्या सुमारास तो महाराष्ट्रात होता. ६४५ मध्ये मायदेशी परतला तेव्हा त्याने ६५७ ग्रंथ सोबत नेले आणि उरलेल्या आयुष्यात त्यांतील ७५ ग्रंथांचे भाषांतर केले. ६४६ मध्ये पूर्ण झालेल्या त्याच्या प्रवासवृत्ताच्या अकराव्या खंडात 'मो-हो-ला-छा' या देशाचे वर्णन आहे. हाच आपला महाराष्ट्र.

तो सांगतो, की येथील जमीन सुपीक आहे. माणसे साधी, प्रामाणिक आणि मानी आहेत. उपकार केला तर विसरत नाहीत आणि अपमान केला तर प्राणावर उदार होऊन त्याचा बदला घेतात, पण आधी शत्रूला सूचना देतात. शरण आलेल्याला मारत नाहीत. पराभूत सेनापतीला शिक्षा न करता स्त्रीची वस्त्रे दिली जातात आणि ती लाज सहन न होऊन तो स्वतःच मृत्यू पत्करतो. येथील राजा पुलकेशी. उत्तरेत सर्वत्र विजय मिळवणाऱ्या हर्षवर्धनालाही त्याला नमवता आले नाही. राज्यात शंभरावर विहार आणि सुमारे पाच हजार भिक्षू असून महायान आणि हीनयान दोन्ही पंथांचे अध्ययन चालते. देवमंदिरेही शंभराच्या आसपास आहेत. राजधानीत आणि तिच्या परिसरात सम्राट अशोकाचे पाच स्तूप आहेत. ही राजधानी कोणती, याविषयी विद्वानांत आजही एकमत नाही.

सातव्या शतकातील या आकड्यांचे मोल आपण ओळखले पाहिजे. आमच्या भागात बौद्ध धम्म कधी रुजलाच नव्हता, असे सांगणाऱ्यांना हा परकीय साक्षीदार परस्पर उत्तर देतो. धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, येथील त्रिविक्रम मंदिर मूळचे विटांचे चैत्यगृह होते, हे पुरातत्त्वज्ञांनी दाखवून दिले आहे. त्याच वेळी उतावीळही होता कामा नये. औसा तालुक्यातील खरोसा लेणी साधारण सहाव्या शतकातील, म्हणजे या प्रवाशाच्या जवळपासच्या काळातील. परंतु तेथील मुख्य शिल्पे शैव-वैष्णव आहेत आणि ह्युएन त्संगाने त्यांचा निर्देश केलेला नाही. जेथे साक्ष नाही तेथे आपण ती निर्माण करू नये. खऱ्या साक्षी पुरेशा आहेत.

लेण्यातील तर्कपंडित

महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवरील एका पर्वताचे वर्णन या प्रवासवृत्तात विशेष तपशिलाने येते. खोल दरीत कोरलेला विहार, आत बुद्धाची भव्य पाषाणमूर्ती, भिंतींवर बोधिसत्त्वाच्या चरित्रातील प्रसंग, दाराबाहेर दगडी हत्ती आणि विहाराचा कर्ता 'अ-चे-लो' नावाचा अर्हत. हे वर्णन अजिंठ्याचे असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. २६ क्रमांकाच्या लेण्यातील शिलालेखात स्थविर अचल या विहारकर्त्याचे नाव कोरलेले आहे आणि १६ क्रमांकाच्या लेण्याच्या वाटेवर दगडी हत्ती आजही उभे आहेत. चिनी कागद आणि मराठवाड्यातील दगड एकमेकांची साक्ष देतात, असा हा दुर्मीळ योग आहे. ह्युएन त्संग स्वतः तेथे पोहोचला होता की त्याने ऐकीव माहिती दिली, यावर मात्र मतभेद आहेत.

याच विहारात आचार्य दिङ्नाग वरचेवर वास्तव्य करीत, अशीही नोंद तो करतो. दिङ्नाग म्हणजे बौद्ध न्यायशास्त्राचे प्रवर्तक. ग्रंथात लिहिले आहे म्हणून ते खरे, हा युक्तिवाद त्यांनी स्वतंत्र प्रमाण म्हणून स्वीकारला नाही. प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोनच प्रमाणे त्यांनी मानली. त्यांचा 'न्यायमुख' हा ग्रंथ ह्युएन त्संगाने मायदेशी परतल्यावर काही वर्षांतच चिनीत आणला, आणि शतकानुशतके तो संपूर्ण रूपात त्या भाषांतरामुळेच उपलब्ध राहिला. शब्दप्रामाण्य नाकारणारा हा आचार्य आपल्याच डोंगरांत चिंतन करीत होता आणि त्याचे पुस्तक मात्र आपल्याला चिनी अक्षरांत शोधावे लागते.

त्या तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर

आता आपण लातूरच्या वर्गातील प्रश्नाकडे वळू. अस्सलायन सुत्तात तरुण ब्राह्मण अस्सलायन भगवंतांशी वाद करण्यास येतो. ब्राह्मण वर्णच श्रेष्ठ, बाकीचे हीन, हा त्याचा पक्ष. भगवंत त्याला विचारतात, की योन आणि कंबोज या सीमावर्ती देशांत आर्य आणि दास असे दोनच वर्ग आहेत आणि तेथे आर्याचा दास व दासाचा आर्य होऊ शकतो, हे तू ऐकले आहेस काय? एकाने चंदनाच्या लाकडाने अग्नी पेटवला आणि दुसऱ्याने, हीन मानल्या गेलेल्या कुळातील माणसाने, हलक्या लाकडाने पेटवला, तर दोहोंच्या ज्वाळेत, प्रकाशात आणि उष्णतेत काही भेद पडेल काय? अस्सलायन निरुत्तर होतो.

हे पालि सुत्त थेरवादाने जपले. आता चिनी त्रिपिटकातील 'मध्यम आगम' पाहा. त्याचे भाषांतर गौतम संघदेव या भिक्षूने इ. स. ३९७–३९८ मध्ये केले. मूळ ग्रंथ सर्वास्तिवादी परंपरेचा होता, असे सामान्यतः मानले जाते. त्यातील १५१ वे सूत्र आश्वलायनाचेच आहे. तेथेही दोन वर्गांचे ते सीमावर्ती देश आहेत, तेथेही तोच अग्नीचा दृष्टान्त आहे आणि शेवटी तेथेही आश्वलायन निरुत्तर होतो. एक परंपरा सिंहलात वाढली, दुसरी वायव्य भारतातून मध्य आशियामार्गे चीनमध्ये गेली. भाषा भिन्न, निकाय भिन्न, प्रदेश भिन्न. तरीही दोन्ही एकच युक्तिवाद सांगतात, तेव्हा तो कोणा एका संप्रदायाने मागाहून घुसडला असे म्हणणे कठीण होते. तो या परंपरा वेगळ्या होण्यापूर्वीच्या समान ठेव्यातील असला पाहिजे. सुत्तातील प्रत्येक शब्द तथागतांच्या मुखातील जसाच्या तसा आहे, असे कोणत्याही ग्रंथावरून सिद्ध करता येत नाही आणि तसा दावा आम्ही करीत नाही. परंतु जन्मजात श्रेष्ठत्वाचे खंडन हा प्राचीन संघाचा सामाईक वारसा होता, विसाव्या शतकातील कल्पना नव्हे, एवढे या दोन साक्षींवरून निःसंशय म्हणता येते. बाबासाहेबांनी बुद्धाला नवे शब्द दिले नाहीत. झाकलेले शब्द उघड केले.

आणखी दोन साक्षी सांगण्याजोग्या आहेत. पहिली साक्ष प्रकृती नावाच्या मातंग कन्येची. भिक्षू आनंद तिच्याकडे विहिरीवर पाणी मागतो. ती आपली जात सांगते. मी जात विचारली नाही, पाणी मागितले, अशा आशयाचे उत्तर आनंद देतो. पुढे ती भिक्षुणी होते. संस्कृत 'शार्दूलकर्णावदाना'त ही कथा आहे. रवींद्रनाथ टागोरांनी १९३३ मध्ये तिच्यावरूनच 'चंडालिका' हे नाटक लिहिले. याच कथेचा चिनी अवतार फार जुना आहे आणि परंपरा त्याचे भाषांतर तिसऱ्या शतकातील मानते. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ मध्ये जो प्रश्न उभा राहिला, तो पाण्याचा प्रश्न चीनमधील वाचक शेकडो वर्षे या कथेत वाचत आले होते. दुसरी साक्ष 'वज्रसूची'ची. वर्णव्यवस्थेचे तिच्याच ग्रंथांच्या आधारे खंडन करणारी ही लहान पुस्तिका भारतात अश्वघोषाच्या नावावर आहे. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिचे चिनी भाषांतर झाले आणि तेथे ती धर्मकीर्तीच्या नावावर आढळते. कर्ता कोणीही असो, जातीविरुद्धचा ग्रंथ समुद्रापलीकडे नेण्याच्या योग्यतेचा आहे, असे तत्कालीन भिक्षूंना वाटले होते.

भाषांतराचा विवेक

चिनी साक्ष मोलाची असली, तरी तिची उलटतपासणी करावीच लागते. आरंभीच्या चिनी भाषांतरकारांनी बौद्ध संज्ञांसाठी ताओ मतातील रूढ शब्द वापरले आणि त्यामुळे अर्थाची ओढाताण झाली. 'धम्म' या शब्दासाठी त्यांनी 'फा' हा शब्द निवडला. त्याचा मूळ अर्थ कायदा, नियम किंवा पद्धती. भाषांतर हे सहसा एकट्याचे काम नसे. एक जण मूळ ग्रंथ म्हणे, दुसरा तोंडी अर्थ सांगे, तिसरा लिहून घेई आणि चौथा भाषा सुधारी. या प्रत्येक पायरीवर काही गळत असे, काही मिसळत असे.

ह्युएन त्संगाच्या नावावर भाषांतराचा एक नियम सांगितला जातो. ज्या शब्दांचे भाषांतर केल्याने अर्थ उथळ होतो, ते मूळ ध्वनीतच ठेवावेत. म्हणून 'प्रज्ञा' या शब्दाला चिनी प्रतिशब्द उपलब्ध असूनही तो 'बोरे' असा उच्चारानेच ठेवला गेला. सामान्य शहाणपण आणि प्रज्ञा यांत गल्लत होऊ नये, हा त्यामागील हेतू. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात 'रिलिजन' आणि 'धम्म' यांतील भेद विस्ताराने सांगून 'धम्म' हा शब्द तसाच ठेवला, त्यामागेही हाच विवेक दिसतो. तेराशे वर्षांचे अंतर असलेल्या या दोन विद्यार्थ्यांना भाषेचा एकच धडा उमगला होता, असे आम्हांस वाटते.

लोकांच्या स्मरणातील दोन प्रवासी

ग्रंथ पंडितांपुरते राहतात. एखादा अभ्यासक लोकांच्या मनात उतरतो तो कथेतून. ह्युएन त्संगाचे तसे झाले. सोळाव्या शतकात चीनमध्ये 'पश्चिमेचा प्रवास' या अर्थाच्या नावाची शंभर अध्यायांची कादंबरी रचली गेली. ती वू छंग-अन या लेखकाच्या नावावर आहे. तीत भिक्षू ग्रंथ आणण्यासाठी भारताकडे निघतो आणि त्याच्या सोबतीला सुन वुखोंग हा चमत्कारी वानर असतो. इतिहासातील निर्भय प्रवासी या कादंबरीत काहीसा भित्रा झाला आहे आणि पराक्रम वानराच्या वाट्याला आला आहे. पण ग्रंथांसाठी केलेला प्रवास हे त्या कथेचे सूत्र कायम आहे. १९८६ च्या चिनी दूरदर्शन मालिकेने ती तेथील घराघरांत नेली. २०१६ मध्ये हुओ जियानची यांनी दिग्दर्शित केलेला ह्युएन त्संगाच्या जीवनावरील चित्रपट वानराला बाजूला ठेवून पुन्हा ऐतिहासिक भिक्षूकडे वळला.

उलट दिशेने गेलेला आपला प्रवासी म्हणजे मराठवाड्याच्या शेजारचे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ मध्ये ते वैद्यकीय पथकातून युद्धग्रस्त चीनमध्ये गेले, चिनी भाषा शिकले, तेथील परिचारिका क्वो छिंग-लान यांच्याशी विवाहबद्ध झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच निवर्तले. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला. चीनमध्येही १९८२ मध्ये त्यांच्यावर चित्रपट निघाला. पुढे दोन्ही देशांत १९६२ चे युद्ध झाले, सीमेवर पुन्हा पुन्हा तणाव उद्भवला, तरी कोटणीसांचे नाव तेथे आदराने घेतले जाते. राज्यकर्त्यांचे संबंध बिघडतात आणि सुधारतात. सेवेची आणि ज्ञानाची देवाणघेवाण त्याहून दीर्घायुषी असते, एवढा बोध आपण यातून घ्यावा.

आता आपले काम

ज्या समाजाला अक्षर गिरवण्याचीही बंदी होती, त्याने चिनी अक्षरे गिरवावीत, हे ऐकायला विचित्र वाटेल. परंतु मराठवाड्याने विद्यापीठाच्या एका नावासाठी केवढी किंमत मोजली, हे आपण विसरलेलो नाही. १९७८ मध्ये नांदेड जिल्ह्यातील पोचीराम कांबळे यांनी आणि १९९३ मध्ये नांदेडच्या गौतम वाघमारे यांनी प्राण दिले. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी नांदेड येथे दुसरे विद्यापीठही स्थापन झाले. प्रवेशद्वारावर ते नाव लागले, पण त्या नावाला साजेल असे ज्ञान आत निर्माण करण्याचे काम अद्याप पुष्कळ शिल्लक आहे.

साधनांची सबब आता उरलेली नाही. बापटांना एकेका चिनी खंडासाठी दूरच्या ग्रंथालयांवर अवलंबून राहावे लागे. १९२४ ते १९३४ या काळात टोकियोत छापल्या गेलेल्या 'ताइशो' त्रिपिटकाचे जाडजूड खंड मोजक्या ठिकाणीच होते. आज तैवानमधील एका संस्थेने १९९८ पासून चालवलेल्या कार्यामुळे हे वाङ्मय संगणकावर विनामूल्य वाचता येते. मध्यम आगमाच्या इंग्रजी भाषांतराचा पहिला खंड २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. ज्याला चिनी येत नाही त्यालाही निदान त्याच्या आधारे पालि सुत्तांशी तुलना करता येईल. तरीही दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचणे आणि स्वतः वाचणे यांत अंतर आहे. ह्युएन त्संगाने हे अंतर ओळखले म्हणून तो घराबाहेर पडला.

आमची सूचना साधी आहे. ज्या विहारांत पालिचे वर्ग नियमित चालतात, तेथे दोन-तीन होतकरू मुलामुलींनी पालिचा पाया पक्का झाल्यावर चिनीकडे वळावे आणि समाजाने त्यांच्या शिक्षणाचा भार उचलावा. आरंभ छोट्या सूत्रापासून करावा. मध्यम आगमातील १५१ वे सूत्र मूळ चिनीवरून मराठीत आणणे हे पहिले काम ठरावे. विहाराच्या बांधकामासाठी आपले लोक पोटाला चिमटा घेऊन वर्गणी देतात. त्यातील थोडा भाग अशा एखाद्या विद्यार्थ्यासाठी राखून ठेवला, तर ते दान वाया जाणार नाही.

वर्ग संपल्यावर तो तरुण आमच्यापाशी आला आणि म्हणाला, "सर, ही भाषा शिकायला किती वर्षे लागतील?" आम्ही त्याला खरे तेच सांगितले, की सूत्र वाचण्याइतकी तयारी होण्यास पाच-सहा वर्षे तरी लागतील आणि त्या काळात कोणी पाठ थोपटणार नाही. त्याने वहीत 'मध्यम आगम, १५१' एवढेच टिपून घेतले. पुढच्या वर्गाला तो आला तेव्हा त्याच्या वहीत पहिली दहा-बारा चिनी अक्षरे होती. त्यांत 'फा' हे अक्षर होते. रेघा वाकड्या होत्या, पण अक्षर ओळखता येत होते.